मोशेचे आख्यान, साकी-दिंडीत

मराठी रंगभूमीच्या इतिहासात यहुदी माणूस शोधायचा म्हटले की अभ्यासक नाटकांच्या याद्या उघडतो, किर्लोस्करांपासून तेंडुलकरांपर्यंत बोट फिरवतो आणि यादी मिटून ठेवतो. हाती फारसे काही लागत नाही. बेने इस्राएल समाज मात्र अस्सल मराठी. आडनावे पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, अष्टमकर, चेऊलकर; घरची भाषा मराठी; मूळकथाही कोकण किनाऱ्यावरची. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा वंश वाढला. पुढे गावोगावी घाण्यावर तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. या समाजाने पलटणीत सुभेदार दिले, दवाखान्यांत डॉक्टर दिले, शाळांत मास्तर दिले, सिनेमाला डेव्हिड अब्राहम चेऊलकरांसारखा नट दिला आणि इंग्रजी कवितेला निसिम इझिकेल दिले. असे असून त्यांच्या इतिहासावरचे, त्यांच्याच लेखकाचे, सगळ्यांना ठाऊक असलेले एकही मराठी नाटक नसावे याचा अर्थ काय लावायचा? नेहमीचा अर्थ असा की समाज लहान, स्वभावाने शांत, छळाचा इतिहास नाही, म्हणून नाट्यही नाही. हा निष्कर्ष मला मान्य नाही. या समाजाची रंगभूमी होती. ती नाटकगृहात नव्हती, कीर्तनात होती आणि मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कीर्तनाला दारातच थांबवल्यामुळे ती आपल्याला दिसली नाही.

पण आधी नाटकगृहाकडेच पाहू, कारण तिथे एक बेने इस्राएल नाटककार खरोखरच होता आणि त्याची कारकीर्द या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी मुंबईच्या पारशी नाटकमंडळ्यांसाठी नाटके लिहिली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ झळकला, तो त्यांच्याच नाटकावरून तयार झालेला. कुमारपूर नावाचे कल्पित राज्य, राजाच्या दोन राण्या, त्यांचे वैर, फकिराची भविष्यवाणी, तुरुंगात पडलेला सेनापती आणि त्याची मुलगी. दोन वर्षांनी वाडिया बंधूंसाठी त्यांनी ‘लाल-ए-यमन’ लिहिला, त्याच्या संगीतातही त्यांचा हात होता. पुढे किराणा घराण्याचे गायक म्हणून नावारूपाला आलेले फिरोज दस्तूर त्यात लहान वयात गायले. १९३५ च्या ‘हंटरवाली’ची गाणीही जोसेफ डेव्हिड यांचीच. म्हणजे बोलपटाला बोलायला शिकवणाऱ्यांत एक मराठी यहुदी लेखक होता. आणि त्याच्या नावावर ठळकपणे उरलेल्या कामात यहुदी म्हणावे असे काही सापडत नाही. यमन तर नुसते नाव. अरबस्तानच्या त्या कोपऱ्यात यहुद्यांची शतकानुशतकांची वस्ती होती आणि बेने इस्राएलांचे पूर्वज तिथूनच आले असावेत असाही एक तर्क आहे. जोसेफ डेव्हिड यांचे यमन मात्र गुलबकावलीच्या देशाला लागून असलेले, परीकथेतले.

यावर कोणी म्हणेल, धंदेवाईक लेखकाकडून आत्मशोधाची अपेक्षा करणेच चूक. कंपनी सांगेल ते लिहायचे, पिटातल्या प्रेक्षकाला रिझवायचे, यात जातधर्म कुठून येणार? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण पारशी रंगभूमीचा आरंभ पाहिला की तो टिकत नाही. पारशी मंडळींनी १८५३ मध्ये नाटके सुरू केली तेव्हा त्यांनी शाहनाम्यातला रुस्तुम आणि सोहराब, म्हणजे आपलाच इराणी पूर्वज रंगमंचावर आणला होता. धंद्याला पूर्वज चालत होते. फक्त ते तिकीट काढणाऱ्यांच्या मोठ्या गर्दीला ओळखीचे असावे लागत. यहुदी कथेचेही धंद्याला वावडे नव्हते. आगा हश्र काश्मिरींचे ‘यहूदी की लडकी’ हे उर्दू नाटक विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून गाजले, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३३ मध्ये आणि बिमल रॉय यांनी १९५८ मध्ये त्यावर चित्रपट काढले. रोमन सत्तेचा जाच, सूडाने पेटलेला यहुदी बाप, त्याने वाढवलेली परक्याची मुलगी ही कथा पॅरिसमध्ये १८३५ साली झालेल्या एका फ्रेंच ऑपेरावरून इंग्रजीत आणि तिथून उर्दूत आली. त्या ऑपेराचा संगीतकार आलेव्ही स्वतः यहुदी होता, पण आपल्याकडे येईपर्यंत त्यातला यहुदी हा जुलमाने गांजलेल्या कोणाही माणसाचा मुखवटा झाला होता. थोडक्यात, भारतीय व्यावसायिक रंगभूमीवर यहुदी आला तो मुसलमान नाटककाराच्या लेखणीतून, युरोपातून उसना. आणि घरातला यहुदी नाटककार त्याच काळात कुमारपूरच्या राण्यांची भांडणे लिहीत होता. जोसेफ डेव्हिड यांच्यावर लपूनछपून राहिल्याचा आरोप मी करणार नाही. मुद्दा एवढाच की नाटकगृहातली मागणी ओळखीच्या माणसाची होती आणि कोकणातला तेली यहुदी प्रेक्षकांच्या ओळखीचा नव्हता. त्याला ओळखणारा प्रेक्षक दुसरीकडे जमत होता.

तो जमत होता कीर्तनाला. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल तरुणांनी कीर्तनोत्तेजक इस्राएल मंडळ स्थापन केले आणि तोराह आणि इतर यहुदी धर्मग्रंथांतल्या कथा नारदीय कीर्तनाच्या घाटात बांधायला सुरुवात केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर ही त्या पहिल्या पिढीतली नावे. अब्राहाम, योसेफ, मोशे, दानीएल, राणी एस्तेर यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या, कामदा, पदे यांत रचली गेली, छापली गेली, पेटी-तबल्याच्या साथीने गायली गेली. हे अचानक घडले नाही. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले, त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुलांना हिब्रू शिकायला मिळाले. शेमाच्या प्रार्थनेपलीकडे जे विसरले गेले होते ते पुन्हा वाचता येऊ लागले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांची हिब्रूतून मराठीत भाषांतरे करण्यात हयात घालवली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचा विधिग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातली चित्रे पाहण्यासारखी आहेत: मांडणी युरोपातल्या जुन्या हग्गादांवरून घेतलेली, पण बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आणि जमिनीवर बसलेल्या. इजिप्तमधून सुटका झालेले लोक पुण्याच्या छापखान्यात असे देशी झाले. कीर्तन ही याच वाटेवरची पुढची पायरी. चित्रात बसलेली ती माणसे आता उभी राहून बोलू लागली.

इथे पहिला खरा आक्षेप येतो. कीर्तन हे नाटक आहे का? एकटा बुवा, नेपथ्य नाही, वेषांतर नाही, अंकांची विभागणी नाही. भक्तिसाधनेला रंगभूमी म्हणणे म्हणजे शब्दांची ओढाताण नव्हे काय? याचे उत्तर मराठी रंगभूमीच्या जन्मपत्रिकेतच आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे म्हणून कथा पुढे नेणारा सूत्रधार हा हरिदासाचाच भाऊबंद होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला, त्यातल्या साक्या, दिंड्या आणि कामदा प्रेक्षकांनी आधी कीर्तनातच ऐकलेल्या होत्या. यहुदी कीर्तन आणि संगीत नाटक एकाच सुमारास, एकाच पोतडीतून वृत्ते आणि चाली काढून उभे राहिले. फरक इतकाच की एकाने त्या पात्रांना वाटून दिल्या, दुसऱ्याने त्या एकाच माणसाच्या गळ्यात ठेवल्या.

कोल्हापूरकरांना तर हे पटवून द्यायला नको. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर, आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ज्या संगीत नाटकासाठी गाजले, त्याच परंपरेतले पेटीवादक आणि गायकनट गोविंदराव टेंबे ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले. प्रभात कंपनीने कोल्हापुरात काढलेला, १९३२ साली पडद्यावर आलेला हा पहिला मराठी बोलपट. संगीत टेंब्यांचेच, तारामती दुर्गाबाई खोटे. स्वप्नात दिलेले दान, राज्यत्याग, काशीच्या बाजारात बायकोमुलाची विक्री, मसणवटा, मुलावर उगारलेली तलवार नसली तरी बायकोवर उगारलेली: यातला एकही प्रसंग दिग्दर्शक शांतारामबापूंना कथालेखकाकडून नव्याने समजून घ्यावा लागला नसेल. देवळाच्या सभामंडपात हरदासांनी तो शतकभर घोळवून ठेवला होता. कोल्हापूरचा बोलपट ‘आलम आरा’नंतर वर्षभरातच आला आणि तो कीर्तनाच्या आख्यानावर उभा राहिला, मुंबईचा बोलपट यहुदी लेखकाने लिहिला आणि तो पारशी नाटकाच्या राजवाड्यावर उभा राहिला. हरिश्चंद्राला कीर्तनातून नाटकात आणि नाटकातून पडद्यावर यायला कोणाची परवानगी लागली नाही, कारण त्याचा प्रेक्षक तिन्ही ठिकाणी तोच होता. मोशेचे आख्यान मात्र कीर्तनातच राहिले. त्याचे कारण त्याच्या नाट्यगुणात नाही, प्रेक्षकसंख्येत आहे.

नाट्यगुण किती, हे एकाच कथेवरून पाहता येईल. देवाने अब्राहामाला सांगितले, तुझा लाडका मुलगा इसहाक याचा बळी दे. तोराहमधला हा प्रसंग कमालीचा तुटक आहे. पहाटे उठणे, लाकडे फोडणे, तीन दिवसांची वाट. मुलगा एकदाच विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, बळीचे कोकरू कुठे आहे. बाप एका वाक्यात उत्तर देतो. दोघांच्या मनात काय चालले आहे, याबद्दल अक्षर नाही. आईचा, सारेचा, तर उल्लेखच नाही. आता हीच कथा श्रियाळ-चांगुणेचे आख्यान ऐकत वाढलेल्या श्रोत्यांपुढे ठेवा. अतिथी म्हणून आलेल्या शिवाने चिलयाबाळाचे मांस मागितले, आईने स्वतःच्या हाताने मुलाला उखळात कांडले, हे ऐकताना ज्यांनी डोळे पुसले आहेत, ते सारेला गप्प बसू देतील का? नारदीय कीर्तनाच्या घाटात अशा जागी आईच्या तोंडी पद येणे जवळपास अपरिहार्य असते. बुवा सूर उतरवतो, झांज थांबते, दिंडीची चाल लागते. मग मुलाचा तो एकच प्रश्न संवाद होतो, आणि बापाचे टाळाटाळीचे उत्तर आख्यानाचा कळस होते. एकच माणूस क्षणात बाप, क्षणात पोर आणि मध्येच निरूपणकार होऊन श्रोत्यांकडे वळतो, तेव्हा प्रसंगातला ताण वाढतोच, कारण मारणारा आणि मरणारा एकाच देहात उभे असतात. दोन नटांना हे साधणार नाही. रंगभूमी म्हणजे पडदा आणि विंग एवढीच व्याख्या धरली तर हे नाटक नव्हे. संघर्ष, संवाद, रसपरिपोष आणि समोर बसलेला समाज, ही व्याख्या धरली तर याहून वेगळे नाटक ते काय?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो समाजातल्या सनातन्यांकडूनही येऊ शकतो: हा सगळा उसना साज आहे. यहुदी धर्माला हिंदू झब्बा चढवला. ओळख जपली नाही, विरघळवली. पण मुळातल्या गाळलेल्या जागा भरण्याची खोड यहुदी परंपरेचीच आहे. मिद्राश म्हणून ओळखले जाणारे प्राचीन कथावाङ्मय याच कामासाठी जन्मले. सारेने बळीची वार्ता ऐकली आणि तिचा प्राण गेला, ही कथा तिथलीच. म्हणजे जे काम रब्बींनी शतकांपूर्वी केले तेच अष्टमकरांच्या पिढीने मराठी वृत्तांत केले. युरोपातल्या यहुद्यांचीही गोष्ट वेगळी नाही. पुरीम सणाला एस्तेरची कथा सोंगे घेऊन सादर करायची तिकडे जुनी चाल होती. तिच्यात शेजारच्या ख्रिस्ती जत्रांतले विदूषक आणि गाणी बिनदिक्कत मिसळलेली असत. अब्राहाम गोल्डफाडेन यांनी १८७६ मध्ये रुमानियातल्या याश शहरात यिद्दिश रंगभूमीचा पाया घातला, तेव्हा त्यांनी ऑपेरांतल्या चाली उचलल्या आणि पुढे त्यावर ‘शुलामिस’, ‘बार कोखबा’ अशी अस्सल यहुदी विषयांची संगीत नाटके उभी केली. याश आणि मुंबई यांच्यात अंतर हजारो मैलांचे आणि फक्त चार वर्षांचे. तिकडच्या उसनवारीला आपण यहुदी रंगभूमीचा जन्म म्हणतो, मग इकडच्या उसनवारीला नक्कल का म्हणायचे?

उलट, या कीर्तनाने ओळख विरघळवली नाही, तिला कड दिली असे मी म्हणेन, आणि त्याचा पुरावा शेजारच्या ख्रिस्ती कीर्तनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. पुढे रेव्हरंड टिळकांनी ते आणखी फुलवले. विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या हिब्रूमागेही धर्मांतराची आशा होतीच. म्हणजे बेने इस्राएल तरुणांसमोर एक विचित्र परिस्थिती होती. त्यांचेच पूर्वज, अब्राहाम आणि मोशे, मराठी साकी-दिंडीत आधीच गायले जाऊ लागले होते किंवा जाणार होते, पण ती आख्याने येशूकडे बोट दाखवून संपणार होती. ख्रिस्ती कीर्तनकाराच्या हाती इसहाकाला बळीसाठी नेले तो मोरिया डोंगर ही क्रूसाची पूर्वखूण असते. यहुदी कीर्तनकार कथा त्याच डोंगरावर थांबवतो: मेंढा सापडला, मुलगा सुटला, वंश पुढे चालला, आणि तो वंश म्हणजे समोर बसलेले तुम्ही. घाट तोच, वृत्त तेच, कथा तीच. फक्त ती कुठे संपवायची एवढ्यावर एका समाजाचे यहुदीपण तोलले गेले. हिंदू शेजाऱ्यापासून ते कथेने वेगळे झाले आणि मिशनऱ्यापासून कथेच्या शेवटाने. एखाद्या नाटककाराने अख्खी कारकीर्द घालवून यापेक्षा नेमके काय साधले असते, मला सांगता येणार नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात, आणि त्या लहान नाहीत. यहुदी कीर्तनाचा भर राहिला तो तोराह आणि संदेष्ट्यांवर. समाजाचा स्वतःचा इतिहास, जो नाट्याने ठासून भरलेला आहे, आख्यानाचा मुख्य विषय झाला नाही. डेव्हिड राहबी नावाचा बाहेरचा यहुदी पंडित कोकणात आला, हे लोक खरोखर यहुदी आहेत का हे पाहायला त्याने बायकांपुढे मासळी ठेवली आणि त्यांनी यहुदी धर्मात चालणारे, खवले-पंख असलेले मासेच निवडले, ही परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे बांधून ठेवलेला प्रवेश आहे. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, त्यात तर तीन अंक मावतील. आणि समाजातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा जो भेद पाळला जात होता, बेटीव्यवहार नाही, पंगतीत दुरावा, त्यावर बोलायला मात्र पूर्वरंगाइतकी योग्य जागा नव्हती. संत एकनाथांपासून गाडगेबाबांपर्यंत मराठी कीर्तनाने समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. यहुदी कीर्तनाने कीर्तनाचा घाट घेतला, त्याचा हा खट्याळ, बोचरा गुण फारसा घेतला नाही. कारण समजण्यासारखे आहे: जे नुकतेच आपल्या ग्रंथाला भेटत होते, त्यांना आधी ग्रंथ सांगायचा होता. पण समजण्यासारखे असले तरी ती उणीवच. पुढे निसिम इझिकेल यांनी नाटके लिहिली, १९६९ मध्ये त्यांची तीन नाटके एकत्र प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीत, मुंबईच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांची. यहुदीपणाबद्दल त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी कवितेसाठी राखून ठेवले. जोसेफ डेव्हिड यांच्या राजवाड्यांइतकेच हे दिवाणखानेही त्या विषयाबद्दल मुके आहेत.

छळ नाही म्हणून नाट्य नाही, हा सुरुवातीचा समज इथे पुन्हा तपासावा लागतो, कारण या समाजाच्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा पेच कोकणात आलाच नाही. तो इस्राएलमध्ये आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढल्या की बेने इस्राएलांचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. पिढ्यानपिढ्या शनिवार पाळून, तेलाच्या घाण्यावरून थेट जेरुसलेमला पोहोचलेल्या माणसांना विचारले गेले की तुम्ही यहुदी कशावरून. मोर्चे झाले, धरणी झाली, प्रकरण संसदेपर्यंत गेले आणि १९६४ मध्ये सरकारला या लोकांना पूर्णपणे यहुदी मानल्याचे जाहीर करावे लागले. राहबीची मासळी पुन्हा एकदा ताटात वाढली गेली होती. या खेपेला परीक्षक आपलेच होते. या दोन परीक्षा शेजारी ठेवून आख्यान लावणारा कीर्तनकार अजून व्हायचा आहे. पूर्वरंगात प्रश्न टाकायचा, उत्तररंगात मासळी आणि मोर्चा एकामागून एक आणायचे. रचनेची सगळी सामग्री १८८० पासून तयार आहे.

ती सामग्री आज कोणाकडे आहे, हेही सांगितले पाहिजे. भारतात आता चार-पाच हजारच बेने इस्राएल उरले असतील. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा तो दर्जा घ्यायला उरलेली घरे मोजकी होती. पुरुष कीर्तनकारांची परंपरा विसाव्या शतकात क्षीण झाली, पण पदे टिकली ती बायकांमुळे. मुंबई-ठाण्यातल्या आणि इस्राएलमधल्या महिला मंडळांनी ती वह्यांत उतरवून घेतली, मलिदा या समाजाच्या पारंपरिक विधीच्या कार्यक्रमांत गायली, आणि अ‍ॅना शुल्ट्झ यांच्यासारख्या संगीत-अभ्यासकांनी ती त्यांच्याकडूनच ऐकून नोंदवली. इस्राएलमध्ये जन्मलेल्या नातवंडांना त्यातली मराठी निम्मीअर्धी कळते, तरी ती ताल धरतात. तेव्हा या आख्यानांची संहिता वाचताना एक पथ्य पाळावे: ती कागदावरचे काव्य म्हणून वाचू नये. पदाच्या माथ्यावर चाल लिहिलेली असते, बहुतेक वेळा एखाद्या गाजलेल्या नाट्यपदाची किंवा जुन्या साकीची. ती चाल आधी गुणगुणून मग ओळ वाचावी. योसेफाला भावांनी विकले तिथे कोणती चाल निवडली आहे आणि त्याने भावांना ओळख दिली तिथे कोणती, एवढे पाहिले तरी रचनाकाराला नाटक कुठे दिसले हे ध्यानात येते.